पोष्य ते हक्कदार : अपंगांच्या साहाय्याच्या पात्रतेचा इतिहास

‘पात्र’ या शब्दाचा मूळ अर्थ भांडे. जे दान धारण करू शकेल ते पात्र, आणि ज्याच्या ओंजळीत टाकलेले दान वाया जाणार नाही तो सत्पात्र. दान देणारा उंबरठ्याच्या आत आणि घेणारा बाहेर, अशी या शब्दाची जुनी मांडणी आहे. आज तहसील कचेरीत किंवा जिल्हा रुग्णालयात ‘पात्रता’ हा शब्द छापील अर्जावर येतो, तेव्हाही ही मांडणी पुरती पुसली गेलेली नसते. अपंग प्रौढाला सरकारी साहाय्य मिळावे की नाही, हे ठरविण्यासाठी प्रत्येक काळाने त्याला काही प्रश्न विचारले. ते प्रश्न कोणते होते, ते कोणी रचले आणि जुने प्रश्न नव्या कायद्यांच्या पोटात कसे टिकून राहिले, हे पाहिले म्हणजे आजच्या अर्जाची गुंतागुंत बरीच उलगडते.

आरंभ शासनापासून न करता घरापासून करावा लागतो. राजाने बालक, वृद्ध, रोगी आणि अनाथ यांचे पालन करावे असा दंडक कौटिल्याने घातला आहे खरा. पण अपंगाचा प्रत्यक्ष भार शतकानुशतके वाहिला तो एकत्र कुटुंबाने. आणि त्या कुटुंबाचा कायदा मोठा विलक्षण होता. याज्ञवल्क्य स्मृतीने आणि तिच्यावरील मिताक्षरा टीकेने पंगू, अंध, उन्मत्त, जड, असाध्य रोगाने ग्रस्त अशा व्यक्तींना वडिलोपार्जित संपत्तीच्या वाट्यातून वगळले. मात्र त्यांना अन्नवस्त्र देऊन जन्मभर पोसण्याची जबाबदारी वाटेकऱ्यांवर टाकली. त्यांचे पुत्र निर्दोष असतील तर त्या पुत्रांना वाटा मिळे. म्हणजे अपंग पुरुष वाटेकरी नव्हता, तो पोष्य होता. पोटाची सोय होती, पण धनावर हक्क नव्हता. आपल्याकडील वाटणीपत्रांत अशा भावाबहिणींच्या योगक्षेमाची तजवीज ज्यांनी वाचली असेल, त्यांना या व्यवस्थेतील माया आणि तिच्यातील अन्याय दोन्ही ठाऊक असतील.

हा नियम मोडायला विसावे शतक उजाडावे लागले. १९२८ साली ब्रिटिश हिंदुस्थानात झालेल्या कायद्याने मिताक्षरा मानणाऱ्यांपुरते जन्मजात वेड किंवा जन्मजात जडत्व एवढेच अपवाद ठेवून बाकी व्यंगांमुळे वारसा बुडू नये अशी तरतूद केली. पुढे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने रोग, व्यंग अथवा विरूपता यांपैकी कोणत्याही कारणाने वारसा नाकारता येणार नाही, असे स्पष्ट करून टाकले. कागदावर पोष्य हक्कदार झाला. पण माणसाला पोष्य समजण्याची सवय कायद्याच्या एका कलमाने जात नाही. ती घरात राहिली आणि पुढे शासनाच्या अर्जातही शिरली.

दुसरा वारसा आहे तो सैन्याचा, आणि तो आपल्या वाचकांना जवळचा वाटेल. माळव्यात, ग्वाल्हेरीस, बडोद्यास स्थायिक झालेली कितीतरी घराणी शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या फौजांबरोबर आली. मराठी राज्यात जखमी शिपायाची आणि पडलेल्याच्या कुटुंबाची सोय करण्याची रीत शिवकालापासून होती. सभासदाच्या बखरीत अफजलखानाच्या प्रसंगानंतर जखमदारांना जखमेचे स्वरूप पाहून होन दिल्याची आणि पुत्र नसलेल्या विधवांना अर्धे वेतन बांधून दिल्याची नोंद आहे. पुढे पडलेल्या शिपायाच्या मुलांसाठी दिल्या जाणाऱ्या नेमणुकीला ‘बालपरवेशी’ हे नाव रूढ झाले. जखमेनुसार कमीअधिक रक्कम, हे तत्त्व येथे स्पष्ट दिसते. परंतु या साहाय्यामागचा प्रश्न गरजेचा नव्हता, तो चाकरीचा होता. ‘तू किती अडचणीत आहेस?’ असे कोणी विचारीत नसे. ‘हे व्यंग कोणाच्या कामी आले?’ असे विचारले जाई. रणात पाय गमावलेल्याचा मान होता. जन्मतः पाय नसलेल्यासाठी देवळाची पायरी, अन्नछत्र आणि भावकीची दया एवढेच होते. सैनिकाच्या विकलांगतेला वेगळे वेतन देण्याची पद्धत पुढील सर्व राजवटींत टिकली, तिचे मूळ या न्यायात आहे.

गोव्यातील परंपरा यांहून निराळी. तेथे पोर्तुगीज आमदानीत सोळाव्या शतकापासून ‘सांता काझा दा मिझेरिकॉर्दिया’ ही धर्मादाय संस्था होती, आणि पुढे सार्वजनिक साहाय्याचे सरकारी खातेच उभे राहिले. ‘प्रोवेदोरिया’ या नावाने ते गोव्यातील जुन्या पिढीच्या तोंडी आहे. १९६१ नंतरही ती संस्था चालू राहिली आणि वृद्धाश्रमांचे काम पाहू लागली. निराधाराला आश्रय देणे हे सरकारचे काम आहे, ही कल्पना गोव्यात अशा रीतीने अगोदरच परिचयाची होती.

आजच्या पात्रतेचा खरा साचा मात्र दुष्काळाने घडविला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन उद्ध्वस्त केल्यानंतर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्यावरून १८८३ साली दुष्काळ-संहितेचा मसुदा तयार झाला. प्रांतोप्रांतीच्या संहिता याच मसुद्यावरून बेतल्या. त्यांचा पाया एकच होता : धडधाकट माणसाला मदत हवी असेल तर त्याने रस्त्यावर, तलावावर खडी फोडावी. जो अल्प मजुरीवर उन्हात राबायला तयार होतो तोच खरा गरजू, अशी ती कसोटी. इंग्लंडातील गरीब-कायद्याने सक्षम दरिद्री आणि असमर्थ दरिद्री असा जो भेद केला होता, त्याचीच ही हिंदुस्थानी आवृत्ती होती.

मग ज्यांना खडी फोडता येत नाही त्यांचे काय? त्यांच्यासाठी संहितेत फुकट मदतीचे प्रकरण होते. वेडे, लुळेपांगळे, आंधळे, वयामुळे वा अशक्तपणामुळे कमावू न शकणारे, तसेच घरातील आजाऱ्याची किंवा तान्ह्या मुलाची शुश्रूषा करण्यासाठी ज्यांना घर सोडता येत नाही असे लोक, या सर्वांची गावोगाव यादी करावयाची होती. शुश्रूषा करणाऱ्याला मदतीस पात्र मानण्याइतके शहाणपण त्या कठोर संहितेत होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. नंतरच्या कित्येक योजना ते विसरल्या. परंतु यादीला एक अट जोडलेली होती. त्या माणसाला पोसणारे समर्थ नातेवाईक नसावेत. यादी गावकामगारांनी करावयाची आणि वरच्या अंमलदाराने गावात येऊन माणसे डोळ्यांनी पाहून तपासावयाची. संवत १९५६ च्या, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० च्या छप्पनियात गुजरात, माळवा आणि राजपुताना होरपळून निघाले, तेव्हा अशा याद्यांवर माणसांचे जगणे-मरणे अवलंबून होते. ‘काम करू शकतोस काय?’ आणि ‘पोसणारे कोणी आहे काय?’ हे दोन प्रश्न त्या याद्यांनी कायमचे रूढ केले. दुसऱ्या प्रश्नाचे नाते थेट मिताक्षरेच्या पोष्याशी जुळते.

याच सुमारास सरकार अपंगांची गणतीही करीत होते. १८७२ पासून १९३१ पर्यंतच्या शिरगणतींत अंध, मूकबधिर, वेडे आणि कुष्ठरोगी यांचे रकाने असत. त्यानंतर ते बंद पडले आणि १९८१ पर्यंत देशाने आपल्या अपंग नागरिकांना शिरगणतीत विचारलेच नाही. १९९१ मध्ये पुन्हा प्रश्न वगळला गेला. २००१ साली तो परत आला तेव्हा संख्या २ कोटी १९ लाख भरली. २०११ मध्ये ती २ कोटी ६८ लाख झाली. ज्यांची मोजदादच नाही त्यांच्यासाठी तरतूद कोठून होणार, हे वेगळे सांगायला नको.

टक्क्यांचा प्रवेश झाला तो गिरणी आणि रेल्वे यांच्या मार्गाने. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा हा या इतिहासातील निर्णायक टप्पा. त्याला जोडलेल्या अनुसूचीत कोणता अवयव गेला म्हणजे कमावण्याची शक्ती किती टक्क्यांनी घटली, याचे कोष्टक होते. पुढे सुधारलेल्या कोष्टकात दोन्ही हात गेल्यास १०० आणि अंगठा गेल्यास ३० असे आकडे आढळतात. मालक आणि मजूर यांच्यातील तंटा झटपट मिटावा म्हणून केलेली ही सोय होती. तिच्यात मजुराचे भलेही होते, कारण भरपाई आता मालकाच्या मर्जीवर राहिली नाही. पण शरीर टक्क्यांत मोजता येते ही कल्पना येथून सरकारी व्यवहारात दृढ झाली, आणि भरपाईसाठी केलेले माप पुढे साहाय्याच्या दारावर बसविले गेले.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदाने बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता या स्थितींत सार्वजनिक साहाय्य मिळविण्याचा हक्क उपलब्ध करून देण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. अर्थात आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, न्यायालयात थेट मागता येणारा मूलभूत हक्क नव्हे. शिवाय विकलांग आणि कामास अक्षम व्यक्तींचे साहाय्य हा विषय राज्यसूचीत नवव्या क्रमांकावर ठेवला गेला. या एका नोंदीमुळे पुढे प्रत्येक राज्याची योजना, रक्कम आणि अटी वेगळ्या झाल्या. महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी कुटुंबांना या नोंदीचा अनुभव इतरांपेक्षा अधिक येतो.

महाराष्ट्राने १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. १९८१ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळले आणि त्या निमित्ताने देशभर या विषयाला गती मिळाली. अडचण अशी होती की रेल्वेची सवलत, शिष्यवृत्ती, नोकरीतील राखीव जागा यांसाठी प्रत्येक खाते अपंगत्वाची आपापली व्याख्या करी. ती ओढाताण थांबविण्यासाठी केंद्राच्या कल्याण मंत्रालयाने ऑगस्ट १९८६ मध्ये समान व्याख्या ठरवून दिल्या आणि कोणत्याही सवलतीसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाची अट घातली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने हीच अट कायद्यात आणली. तो कायदा ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आला आणि त्याने अंधत्व, अल्पदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, चलनवलनाचे अपंगत्व, मतिमंदत्व आणि मानसिक आजार असे सात प्रकार मानले. कुष्ठमुक्तांचा समावेश विशेष उल्लेखनीय म्हणावा लागेल. ज्यांना १८९८ च्या कायद्याने समाजापासून अलग ठेवण्याची तरतूद केली होती, आणि ज्यांना १९४९ पासून आनंदवनात बाबा आमटे यांनी भिक्षेऐवजी श्रमाचा मार्ग दाखविला, त्यांना येथे प्रथम साहाय्यास पात्र नागरिक म्हणून जागा मिळाली.

चाळिसाच्या रेषेचे परिणाम काय होतात ते दोन उदाहरणांनी कळेल. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापाच्या नियमांत एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा उत्तम असेल तर अपंगत्व ३० टक्के धरले गेले. म्हणजे एकाक्ष माणूस व्यंग असूनही रेषेबाहेर. दुसरे उदाहरण दोन व्यंगांच्या बेरजेचे. येथे साधी बेरीज चालत नाही. मोठा आकडा पूर्ण धरावयाचा. नव्वदातून तो वजा करून जे उरेल, त्याचे नव्वदाशी जे प्रमाण पडेल त्या प्रमाणात लहान आकडा त्यात मिळवावयाचा. ३० आणि ३० यांची बेरीज अशा रीतीने ५० होते, ६० नव्हे. हे गणित चुकीचे आहे असे नाही. शंभराच्या पुढे कोणी जाऊ नये म्हणून ते तसे रचले आहे. पण वैद्यकीय मंडळासमोर उभ्या असलेल्या माणसाला आपले आयुष्य कोणत्या सूत्राने मोजले जात आहे, हे सहसा कोणी समजावून सांगत नाही.

प्रमाणपत्र मिळाले म्हणजे साहाय्य मिळाले, असेही नव्हे. केंद्राने फेब्रुवारी २००९ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंग निवृत्तिवेतन योजना सुरू केली. तिच्यात चाळीस टक्के पुरत नाहीत; ८० टक्के लागतात आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखाली असावे लागते. रक्कम आरंभी महिना २०० रुपये होती, २०१२ साली ३०० झाली आणि केंद्राचा वाटा तेथेच थांबला आहे. त्यावर भर घालणे राज्यांच्या इच्छेवर. तेलंगणाने २०२३ मध्ये ही रक्कम ४,०१६ रुपयांपर्यंत नेली; त्याच वर्षी महाराष्ट्रात ती १,५०० होती. गुजरातेत संत सूरदास योजनेत दीर्घ काळ ८० टक्क्यांची अट होती. २०२५ च्या अर्थसंकल्पात ती ६० वर आणण्याची घोषणा झाली. कर्नाटकात अपंगत्वाच्या प्रमाणानुसार रकमेचे टप्पे आहेत. तेव्हा एकाच घराण्याच्या हैदराबाद, बडोदे, बेळगाव आणि पुणे येथील शाखांत सारख्याच व्यंगाचे चार चुलतभाऊ असतील, तर शासनाच्या लेखी ते चार निराळ्या प्रकारचे अपंग ठरतात.

त्यात वास्तव्याची अट आणखी कडक. महाराष्ट्राच्या निराधार योजनेत १५ वर्षांच्या वास्तव्याची अट घालण्यात आली. गोव्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतही १५ वर्षांचीच. बेळगावचे कुटुंब आईवडिलांच्या पश्चात अपंग भावाला घेऊन कोल्हापुरास आले, तर कर्नाटकातील मासिक वेतन मागे राहते आणि महाराष्ट्रातील हक्क दूर राहतो. देशभर चालणारे विशिष्ट ओळखपत्र अलीकडच्या वर्षांत मिळू लागले आहे. पण ओळखपत्र सीमा ओलांडते, निवृत्तिवेतन ओलांडत नाही.

या काळातच जगातील विचार बदलत होता. डिसेंबर २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार संमत केला आणि १ ऑक्टोबर २००७ रोजी भारताने त्यास मान्यता दिली. अपंगत्व केवळ शरीरात नसते. शरीरातील उणीव आणि समाजाने उभे केलेले अडथळे यांच्या गाठीतून ते निर्माण होते, हा त्या कराराचा गाभा. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम याच पायावर उभा आहे. तो एप्रिल २०१७ पासून लागू झाला. प्रकार सातांचे एकवीस झाले. स्वमग्नता, कंपवात, रक्ताचे आनुवंशिक विकार, आम्लहल्ल्याने आलेली विरूपता यांना जागा मिळाली. इतरांसाठी असलेल्या तशाच योजनांपेक्षा दिव्यांगांना किमान २५ टक्के अधिक साहाय्य द्यावे, असे २४ व्या कलमात आले. तरीही राखीव जागांसारख्या मुख्य लाभांसाठी ४० टक्क्यांची रेषा कायम राहिली. व्याख्या नव्या युगाची आणि दाराशी असलेले माप १९२३ च्या कोष्टकाच्या कुळातले, असा हा संकर आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात या गाठीला हात घातला. लिहिताना हात आखडणाऱ्या एका परीक्षार्थीला लेखनिक नाकारण्यात आला होता. ४० टक्क्यांची अट जेथे कायद्याने घातली आहे तेथेच लागू होते, प्रत्येक सोयीसाठी ती मागता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले.

शब्दही बदलत गेले. पंगू, अपंग, विकलांग, निःशक्त आणि आता दिव्यांग. शब्दांत सौजन्य आले हे चांगलेच. पण अर्जातील एक रकाना जवळजवळ तसाच राहिला : कुटुंबाचे उत्पन्न. महाराष्ट्राच्या योजनेत वर्षानुवर्षे ही मर्यादा २१,००० रुपये होती, म्हणजे साऱ्या कुटुंबाला महिना १,७५० रुपये. अठरा वर्षे पूर्ण केलेला धाकटा भाऊ मत देऊ शकतो, मालमत्ता धारण करू शकतो. आणि अपंग असेल तर साहाय्य मागताना मात्र तो थोरल्या भावाच्या पगाराचा एक भाग ठरतो. दुष्काळ-संहितेचा ‘पोसणारे कोणी आहे काय?’ हा प्रश्न येथे जिवंत आहे. आणि तो विचारला जातो तेव्हा उत्तरात ‘आहे’ असे म्हणावे लागते, म्हणून साहाय्य मिळत नाही. साहाय्य मिळत नाही, म्हणून पोष्यपण सुटत नाही.

आपल्या जुन्या घराण्यांच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. वाडा आहे, नावाला थोडी जमीन आहे, प्रतिष्ठा आहे. उत्पन्न मात्र निवृत्तांचे. अशा घरातील अपंग मुलगा पन्नाशीला आलेला आणि आईवडील ऐंशीच्या घरात, हे चित्र विरळ नाही. दारिद्र्यरेषेच्या यादीत हे घर बसत नाही आणि दाखल्यासाठी रांगेत उभे राहणे कमीपणाचे वाटते. दाखला म्हणजे भिक्षा, ही समजूत त्या जुन्या ‘पात्र’ शब्दातून आलेली आहे. तिची किंमत मात्र आईवडिलांच्या पश्चात मुलाला मोजावी लागते. केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झालेल्यांच्या अपंग अपत्याला, ते स्वतः उपजीविका करू शकत नसेल तर, आजीवन कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते; २०२१ मध्ये त्यासाठीची उत्पन्नमर्यादा पुष्कळ सैल झाली. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असणाऱ्या प्रौढांसाठी कायदेशीर पालक नेमण्याची वाट करून दिली. या दोन्ही गोष्टी आईवडील हयात असताना कागदावर आणून ठेवल्या तर नंतरची वणवण पुष्कळ वाचते. मुलगा लहान होता तेव्हाचे दवाखान्याचे कागद नाहीत, सेवापुस्तकात त्याचे नाव नाही, प्रमाणपत्र कधी काढलेच नाही, अशा कारणांनी हाताशी असलेला हक्क निसटतो.

मिताक्षरेने अपंगाला अन्न दिले आणि वाटा नाकारला. मराठी राज्याने जखमदाराला मान दिला आणि जन्मजात अपंगाकडे पाहिले नाही. दुष्काळ-संहितेने त्याला यादीत घेतले, पण नातलग नसतील तर. गिरणीच्या कायद्याने त्याचे माप ठरविले. संविधानाने हक्काचा शब्द उच्चारला आणि राज्यांच्या कुवतीवर सोडून दिला. आजच्या अर्जावर या साऱ्यांच्या खुणा एकाखाली एक उमटलेल्या आहेत : व्यंग कशाने आले, टक्के किती, काम करतोस काय, घरात कोण कमावते, येथे किती वर्षे राहिलास. अपंग व्यक्तीला स्वतःच्या नावाने, स्वतःच्या उत्पन्नावरून आणि देशात कोठेही सारख्या मापाने मोजले जाईल, तेव्हाच पोष्याचा हक्कदार होण्याचा १९२८ साली सुरू झालेला प्रवास पुरा होईल. तोवर अर्जाचा तो कागद लाज न बाळगता भरणे, आणि ज्याला तो भरता येत नाही त्याच्याजवळ बसून भरून देणे, एवढे तरी आपल्यासारख्या मंडळांच्या हाती आहेच.